छपरावरील सौर प्लेटा वाढवाव्या काय?

गेल्या दोन-तीन वर्षांत खेडोपाडीं घरांच्या छपरांवर सौर प्लेटा दिसूं लागल्या आहेत. केंद्र सरकारनें सन २०२४ च्या फेब्रुवारींत 'प्रधानमंत्री सूर्यघर' योजना मंजूर केली, तींत एक कोटी घरांवर संच बसविण्याचा संकल्प सोडला आणि त्यासाठीं ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद केली. तेव्हांपासून हा विषय शहरवासीयांपुरता न राहतां शेतकऱ्याच्या ओटीवरचाही झाला आहे. ज्यांनीं एकदां संच बसविला, त्यांच्यापुढें आतां दुसरा प्रश्न उभा आहे. तो हा कीं, आहेत त्या प्लेटांत आणखी भर घालावी कीं नाहीं? पहिल्या प्रश्नापेक्षां हा दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि तो सोडविण्यास बहुतेक लोक शेजाऱ्याचें छप्पर व विक्रेत्याची जीभ या दोहोंपलीकडे कांहींच पाहत नाहींत. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत आंकड्यांशीं आंकडे जुळविण्यांत गेलें. त्या संवयीनें या प्रश्नाचा हिशेब वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. घरांतील विजेचा खर्च खरोखर वाढला असेल तर प्लेटा वाढवाव्या. वीज विकून उत्पन्न काढूं या आशेनें वाढवूं नयेत. आणि या आशेनें कर्ज तर मुळींच काढूं नये. असें कां, तें पुढील विवेचनावरून ध्यानीं येईल.

प्रथम एक किलोवॉटचा संच काय देतो तें पाहूं. आपल्या महाराष्ट्रांत सावली नसलेल्या जागीं, दक्षिणेकडे तोंड करून योग्य उतारावर बसविलेल्या एक किलोवॉटच्या प्लेटा सरासरीनें दररोज ४ युनिटांच्या आसपास वीज देतात. म्हणजे महिन्यास सुमारें १२० युनिटें धरावीं. त्यास सुमारें १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. खर्च जागेप्रमाणें व मालाप्रमाणें कमीअधिक होतो. येथें हिशेबाच्या सोयीसाठीं किलोवॉटमागें ५०,००० रुपये धरूं. सरकारी अनुदान पहिल्या दोन किलोवॉटांस प्रत्येकीं ३०,००० रुपये व तिसऱ्यास १८,००० रुपये मिळून ७८,००० रुपये आहे. तिसऱ्या किलोवॉटच्या पुढें मात्र कितीही प्लेटा लावा, अनुदानाचा एक पैसाही वाढत नाहीं. हा पहिला मुद्दा पुष्कळांस ठाऊक असतो. परंतु दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा असून तो क्वचितच कोणी सांगतो.

तो मुद्दा विजेच्या दराच्या टप्प्यांचा आहे. आपल्या राज्यांत घरगुती विजेचे दर ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढें अशा टप्प्यांनीं वाढत जातात. पहिल्या टप्प्याहून दुसऱ्या टप्प्याचा दर दुपटीच्या आसपास असतो. आपल्या प्लेटांची वीज बिलांतून वजा होते ती वरच्या, म्हणजे महाग टप्प्यापासून होते. अर्थात् पहिली प्लेट सर्वांत महाग युनिट वांचविते, पुढची त्याहून स्वस्त, आणि शेवटची तर कांहींच वांचवीत नाहीं. तिची वीज वितरण कंपनीकडे जाते. शेताला पहिली गाडी खत घातलें म्हणजे पीक डोलूं लागतें, दहावी गाडी घातली तर तितकें डोलत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार होय.

उदाहरण घेऊं. एका घराचा विजेचा खर्च दरमहा ३०० युनिटें आहे व छपरावर एक किलोवॉटचा संच आहे. त्या संचानें १२० युनिटें भरून काढलीं म्हणजे बिलास १८० राहिलीं. त्यांतील ८० दुसऱ्या टप्प्यांत व १०० पहिल्या टप्प्यांत पडतात. हिशेबापुरता पहिल्या टप्प्याचा दर ६ रुपये, दुसऱ्याचा १२ रुपये आणि उरलेली वीज कंपनीनें घेतल्यास तिचा दर ३ रुपये धरूं. आतां या घरधन्यानें दुसरा किलोवॉट लावला, तर महाग टप्प्यांतील ८० युनिटांचे ९६० व स्वस्त टप्प्यांतील ४० युनिटांचे २४० मिळून महिन्यास १,२०० रुपये वांचतील. तिसरा लावला तर उरलेल्या ६० युनिटांचे ३६० व जास्त झालेल्या ६० युनिटांचे १८० मिळून ५४० रुपये होतील. आणि चौथा लावला तर सारींच १२० युनिटें जास्त होऊन केवळ ३६० रुपये पदरीं पडतील. खर्च मात्र तिन्ही वेळां तोच. वर्षाचा हिशेब केला तर दुसरा किलोवॉट १४,४०० रुपये, तिसरा ६,४८० रुपये आणि चौथा ४,३२० रुपये देतो. अनुदान बाजूस ठेवलें तरी दुसऱ्याची किंमत साडेतीन वर्षांत फिटते. तिसऱ्यास पावणेआठ वर्षें लागतात. चौथ्यास साडेअकरा वर्षांहून अधिक लागतात. त्या चौथ्यासाठीं ५०,००० रुपयांचें कर्ज शेंकडा ९ व्याजानें काढलें असेल, तर वर्षाचें व्याजच ४,५०० रुपये होतें, आणि उत्पन्न ४,३२०. मुद्दल फिटण्याची गोष्टच सोडा. अशा घरधन्यास छपरावरच्या प्लेटांस दरसाल पदरचे पैसे घालून पोसावें लागेल. वाचकांनीं आपल्या बिलावरील प्रत्यक्ष दर घालून हाच हिशेब करावा. आंकडे बदलतील, परंतु उतरती भाजणी बदलणार नाहीं.

येथें जास्त झालेल्या विजेचें काय होतें तें नीट समजून घेतलें पाहिजे. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांप्रमाणें नेट मीटरवर आपण दिलेलीं व घेतलेलीं युनिटें वजा घालून जीं उरतात, तीं पुढील महिन्याच्या खात्यावर जातात. हें खातें आर्थिक वर्षाच्या अखेरीस, म्हणजे ३१ मार्चला बंद होतें. त्या दिवशीं जें शिल्लक राहील तें आयोगानें ठरविलेल्या दरानें कंपनी घेते, आणि नवें वर्ष शून्यापासून सुरू होतें. हा दर आपण भरतों त्या दराच्या मानानें फारच थोडा असतो. तेव्हां 'वीज पिकवा आणि विका' हें वाक्य ऐकण्यास गोड असलें, तरी घरगुती संचाच्या बाबतींत तें खरें नाहीं. ही योजना घरच्या खर्चासाठीं आहे, बाजारपेठेसाठीं नाहीं.

याच खात्यामुळें एका महिन्याचें बिल पाहून निर्णय करणें धोक्याचें ठरतें. श्रावणांत आभाळ भरलेलें असतां प्लेटांची वीज निम्म्यावर येणें नवल नाहीं. मग बिल येतें आणि घरांत बोललें जातें कीं, प्लेटा पुरत नाहींत. परंतु एप्रिल-मे महिन्यांत जमा झालेलीं युनिटें त्याच पावसाळ्यासाठीं शिलकेंत असतात. एका पावसाळी महिन्यावरून संच अपुरा ठरविणें म्हणजे एका कोरड्या आठवड्यावरून साऱ्या वर्षाची आणेवारी ठरविण्यासारखें आहे. जमीन महसुलाचें काम केलेला कोणीही मनुष्य तसें करणार नाहीं. बारा महिन्यांची बेरीज हीच खरी.

दुसरी एक समजूत अशी आढळते कीं, प्लेटा वाढविल्या म्हणजे वीज गेली तरी घरांत दिवे राहतील. ही समजूत चुकीची आहे. नेट मीटरचा साधा संच वीज कंपनीची तार जिवंत असेल तोंवरच चालतो. तार मेली कीं संचही आपोआप बंद पडतो. हें मुद्दाम केलेलें आहे, आणि त्याचें कारण गंभीर आहे. खांबावर चढलेला लाईनमन तार बंद आहे असें समजून हात लावील, आणि आपल्या छपरावरून त्याच तारेंत वीज जात असेल, तर त्याचा जीव जाईल. म्हणून तीन किलोवॉटच्या जागीं दहा किलोवॉट केले, तरी भारनियमनाच्या काळांत एक दिवाही अधिक लागणार नाहीं. ज्यांस रात्रीं मुलांच्या अभ्यासासाठीं अथवा आजारी माणसासाठीं खात्रीचा उजेड व पंखा हवा, त्यांनीं प्लेटा न वाढवितां बॅटरीचा व तिला लागणाऱ्या निराळ्या इन्व्हर्टरचा विचार करावा. त्यांतही साऱ्या घराचा भार न घेतां चार दिवे, दोन पंखे इतकाच घेतला, तर खर्च आटोक्यांत राहतो. साधी शिशाची बॅटरी चार-पांच वर्षांनीं बदलावी लागते, हेंही त्या हिशेबांत धरावें.

कांहीं बंधू विहिरीच्या पंपाचें निमित्त सांगतात. घरच्या मीटरवर जमा झालेलीं युनिटें शेतीपंपाच्या मीटरवर वजा होत नाहींत. दोन्ही जोडण्या व त्यांचे दर निराळे आहेत. शिवाय सन २०२४ च्या एप्रिलपासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस राज्य सरकारनें पांच वर्षांसाठीं मोफत वीज दिली आहे. ज्यांस दिवसा पाणी देण्यासाठीं पंपच सौर करावयाचा आहे, त्यांच्याकरितां 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ही निराळी योजना आहे. तींत सर्वसाधारण शेतकऱ्यास किंमतीचा दहावा हिस्सा व अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्यास विसावा हिस्सा भरावा लागतो, आणि अडीच एकरांपर्यंत ३, पांच एकरांपर्यंत ५ व त्यापुढें साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. तेव्हां विहिरीची गरज विहिरीच्या योजनेनें भागवावी; तिचें ओझें घराच्या छपरावर टाकूं नये.

आतां ज्यांचा खर्च खरोखर वाढला आहे, त्यांच्यासाठीं चार शब्द. जुन्या प्लेटांशेजारीं नव्या ठेवल्या आणि तारेला तार जोडली म्हणजे काम झालें, असें नाहीं. एका माळेंतील सर्व प्लेटांतून एकच प्रवाह वाहतो; त्यांतील जी प्लेट दुबळी, तिच्या मानानें साऱ्या चालतात. एका जुवाला एक तरणा व एक म्हातारा बैल जुंपला, तर औत म्हाताऱ्याच्याच चालीनें चालतें. पांच-सात वर्षांपूर्वींच्या प्लेटा सुमारें ३०० वॉटच्या असत; हल्लींच्या ५०० वॉटहून मोठ्या मिळतात. त्यांची एक माळ करूं नये. नव्यांची माळ स्वतंत्र ठेवून ती इन्व्हर्टरच्या स्वतंत्र प्रवेशास जोडावी, आणि तसा प्रवेश नसेल तर दुसरा इन्व्हर्टर घेण्याचा खर्च आधींच मांडावा. इन्व्हर्टरवर लिहिलेली सर्वाधिक व्होल्टेजची मर्यादा ओलांडली तर तो जळतो. त्याच्या क्षमतेहून थोड्या अधिक प्लेटा चालतात. परंतु ३ किलोवॉटच्या इन्व्हर्टरला ५ किलोवॉटच्या प्लेटा जोडल्या, तर भर दुपारीं जास्तीचें ऊन वायां जातें.

दुसरें असें कीं, वीज कंपनीच्या परवानगीवांचून एकही प्लेट वाढवूं नये. कोणताही फेरफार नोंदला गेल्यावांचून खरा होत नाहीं, हें सातबाऱ्याशीं जन्मभर संबंध आलेल्या आपल्या वाचकांस सांगणें नलगे. संचाची क्षमता मंजूर भाराहून अधिक असतां कामा नये असा नियम आहे. तथापि २०२४ सालीं केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली, आणि १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जांस तांत्रिक तपासणीवांचून मंजुरी देण्याची व त्यासाठीं लागेल तितका मंजूर भार वाढविण्याची जबाबदारी वितरण कंपनीवर आली. तेव्हां परवानगी मिळण्यास पूर्वींइतका त्रास नाहीं. चोरून लावण्यास कांहीं सबबही उरली नाहीं. अनुदान घ्यावयाचें असल्यास प्लेटा देशांत तयार झालेल्या सेलच्याच असाव्या लागतात. पावती घेतांना हें लिहून घ्यावें. छप्पर पत्र्याचें अथवा कौलारू असेल, तर वाढीव भार व वादळी वारा त्याचे वासे सोसतील कीं नाहीं, हें जाणत्या सुतारास अथवा गवंड्यास विचारावें. आणि वळवाच्या विजांपासून रक्षण होण्यासाठीं अर्थिंग तपासून घ्यावें.

तथापि प्लेटा वाढविण्यापूर्वीं आहेत त्यांचें पुरें काम घेतलें काय, हा प्रश्न सर्वांत आधीं विचारला पाहिजे. मळणीची धूळ, रस्त्याची माती, उसाचें पाचट जाळल्याची काजळी आणि पक्ष्यांची विष्ठा यांनीं प्लेटांचें तोंड झांकलें जातें. फाल्गुनापासून मृगापर्यंत दर पंधरवड्यास सकाळीं, कांच थंड असतां, साध्या पाण्यानें व मऊ फडक्यानें त्या धुवाव्या. तापल्या कांचेवर दुपारीं थंड पाणी टाकूं नये. विहिरीचें पाणी क्षाराचें असेल तर धुतल्यावर पुसून घ्यावें, नाहींतर पांढरे डाग बसतात. पूर्वीं ठेंगणें असलेलें आंब्याचें झाड चार वर्षांत वाढतें आणि त्याची सावली सकाळीं दोन तास प्लेटांवर येते. एका प्लेटेच्या कोपऱ्यावरची सावलीदेखील साऱ्या माळेचें उत्पन्न घटविते. त्या फांदीस कोयता लावणें हें नव्या प्लेटेपेक्षां पुष्कळ स्वस्त पडतें. उन्हाळ्यांत प्लेटा तापल्या म्हणजे उत्पन्न शेंकडा दहा-बारांनीं घटतें. हा त्यांचा गुणधर्म आहे, बिघाड नव्हे. म्हणून प्लेटांखालीं वारा खेळण्यास जागा असावी. प्लेट दरसाल सुमारें अर्धा टक्का जुनी होते. दहा वर्षांत शेंकडा पांच. याहून अधिक घट दिसली तर दोष शोधावा, भर घालूं नये.

यानंतरही ज्या घरांत खर्च वाढला आहे, त्यांनीं प्लेटा अवश्य वाढवाव्या. चुलीचा धूर जाऊन विजेची शेगडी आली, मुलानें विजेवर चालणारी दुचाकी घेतली, एकाचीं दोन कुटुंबें झालीं, हीं कारणें खरीं आहेत. घरांतील बायकांच्या डोळ्यांतला धूर कमी होत असेल, तर त्याचें मोल रुपयांत मांडण्याचें कारण नाहीं. ज्यांचा संच एक किंवा दोन किलोवॉटचा असून बिल दरमहा दुसऱ्या टप्प्यांत जातें, त्यांनाही वरील हिशेबाप्रमाणें भर घालणें फायद्याचें आहे. आणि आपण पूर्वीं अनुदान किती उचललें व आतां किती मिळूं शकेल, याची चौकशी त्यांनीं अर्जापूर्वींच करावी. आमचा विरोध प्लेटांस नाहीं. हिशेबावांचून केलेल्या खर्चास आहे.

कारण शेतकऱ्याच्या हातीं एकगठ्ठा पैसा वर्षांतून एकदां, फार तर दोनदां येतो. त्याच लाखभर रुपयांवर अनेकांचा हक्क असतो. बांध फुटलेला असतो, विहिरींत गाळ सांचलेला असतो, मुलीची फी भरावयाची असते, सोसायटीची बाकी मार्चअखेर डोक्यावर असते. विजेचीं युनिटें ३१ मार्चला शून्य होतात; कर्जाची बाकी मात्र शून्य होत नाहीं, ती व्याजासह पुढें ओढली जाते. पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठीं सावकाराच्या दारीं जावें लागणार असेल, तर छपरावर चमकणाऱ्या चार जास्तीच्या प्लेटा त्या घरास शोभा देणार नाहींत. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण जुनी असली, तरी नव्या यंत्रांसही ती तितकीच लागू आहे.

म्हणून आमची सूचना अशी कीं, ज्यास प्लेटा वाढवावयाच्या असतील त्यानें प्रथम एप्रिल ते मार्च अशीं बारा बिलें काढावीं. एका कागदावर घेतलेलीं युनिटें, दिलेलीं युनिटें आणि महिनाअखेरची शिल्लक असे तीन रकाने पाडावे. मार्चअखेर शिल्लक उरत असेल तर कागद घडी करून ठेवावा आणि पैसे बँकेंत ठेवावे. शिल्लक न उरतां दरमहा १०० युनिटांहून अधिक बिल येत असेल, तर प्लेटा धुवून, सावली तोडून, तीन महिने पुन्हां पाहावें. तरीही बिल उतरलें नाहीं, तर एक किलोवॉट वाढवावा, एकदम तीन नव्हे. आपल्या संघाच्या मासिक सभेंत चार शेतकऱ्यांनीं आपापलीं बिलें आणून हा हिशेब एकमेकांसमोर केला, तर गांवांतील पुष्कळ पैसा वांचेल, आणि जो खर्च होईल तो योग्य जागीं होईल. विक्रेता आपला माल विकण्यास येतो, त्यांत त्याचा दोष नाहीं. परंतु त्यानें आणलेला हिशेब आणि आपल्या बिलांवरून आपण केलेला हिशेब हे दोन्ही शेजारीं ठेवून पाहिल्यावांचून कोणत्याही कागदावर सही करूं नये.